उदारमतवाद आपल्या दारात आधी शेतसारा होऊन आला

भीमथडीचं तट्टू :

उदारमतवादावर मराठीत लिहायचं म्हटलं की वाट ठरलेली असते. लॉकपासून निघायचं, ॲडम स्मिथला हात जोडायचे, मिलपाशी घटकाभर टेकायचं आणि थेट रानडे-गोखल्यांच्या पुण्यात उतरायचं. या वाटेवर शेतकरी कुठंच भेटत नाही. तो भेटायला हवा, कारण दख्खनमध्ये या विचाराशी पहिली गाठ त्याचीच पडली, कॉलेजातल्या पोरांनी मिल वाचायच्या कितीतरी आधी. आणि त्याच्यापुढे हा विचार हक्क, स्वातंत्र्य, मतदान असल्या रूपात उभा राहिला नाही. मोजणीची साखळी आणि साऱ्याचा आकडा घेऊन उभा राहिला.

सुरुवात मात्र लंडनच्या पावापासून करावी लागते. १८१५ साली नेपोलियनचं युद्ध संपलं आणि बाहेरचा गहू पुन्हा इंग्लंडात येणार असं दिसू लागलं. पार्लमेंटात भरणा जमीनदारांचा. त्यांनी कायदा केला : देशातला गहू क्वार्टरला (तिकडचं धान्याचं माप) ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशी गहू विकायला आणायचा नाही. पाव महाग राहिला, जमीनदारांचा खंड शाबूत राहिला. याविरुद्ध ज्यानं सगळ्यात धारदार युक्तिवाद केला तो प्राध्यापक नव्हता की पुढारी नव्हता. डेव्हिड रिकार्डो शेअरबाजारात गब्बर झालेला माणूस.

त्याचा सिद्धांत आपल्याच जमिनीवर मांडून बघा. सारखीच मेहनत, सारखाच खर्च. काळ्या रानात १० मण पिकतात, मध्यम रानात ७, माळावर ५. माणसं कमी होती तोवर काळ्या रानावर भागत होतं. तोंडं वाढली तसा माळही नांगराखाली आला. आता बाजारात भाव असा हवा की माळावर कसणाऱ्याचाही खर्च सुटेल, नाहीतर तो कसणारच नाही. म्हणजे त्याच भावात काळ्या रानातले वरचे ५ मण निव्वळ वरकड. हा खंड. मालकानं त्यासाठी घाम गाळलेला नाही. खंड जास्त म्हणून धान्य महाग असं नसतं, धान्य महाग म्हणून खंड जास्त. आणि म्हणूनच या वरकडीवर कर बसवला तर भाव वाढत नाही, कसणाऱ्याला झळ लागत नाही, फक्त बसून खाणाऱ्याचं जातं.

इंग्लंडात हे बोलायला ठीक होतं. कर बसवणार कोण, पार्लमेंट तर जमीनदारांचंच! पण जगात एक जागा अशी होती जिथं पार्लमेंटही नव्हतं आणि, साहेबाच्या समजुतीप्रमाणे, मधला जमीनदारही नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८१९ मध्ये रिकार्डोचा जिवलग मित्र जेम्स मिल (जॉन स्टुअर्टचे तीर्थरूप) ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला लागला आणि हिंदुस्थानचे महसुली खलिते लिहू लागला. घरी हा कट्टर जहाल, मताधिकार वाढवा म्हणणारा. इकडच्यासाठी त्याचं मत असं की रयतवारीत (जिथं सारा थेट कसणाऱ्याकडून घेतात) सरकारच जमिनीचं धनी, तेव्हा खंड सरकारनंच घ्यावा, याहून निर्मळ कर नाही.

कंपनीचे तरुण अधिकारी तयार व्हायचे इंग्लंडातल्या हेलीबरीच्या कॉलेजात. तिथं अर्थशास्त्र शिकवायला होता लोकसंख्येच्या सिद्धांतासाठी गाजलेला खुद्द माल्थस. त्याच्या वर्गातून आलेला एक पोरगा म्हणजे रॉबर्ट कीथ प्रिंगल. त्याला पुणे जिल्ह्याची पाहणी करायला सांगितली. १८२० च्या दशकात काम सुरू झालं, १८३० च्या सुमारास नवा सारा लागू झाला. पद्धत अगदी पुस्तकातली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकतं ते काढायचं, त्यातून बी, बैल, मजुरी, सगळा खर्च वजा करायचा. उरलं ते निव्वळ उत्पन्न. त्याचे ५५ टक्के सरकारचे.

मराठी अमदानीत मिरासदार (वंशपरंपरेनं जमीन असलेला) आणि उपरी (बाहेरून येऊन कसणारा) यांचा सारा वेगळा असायचा. मिरासदार वतनाच्या जमिनीचा पूर्ण भरायचा, उपऱ्याला पडीक उठवण्यासाठी सवलत मिळायची. प्रिंगलनं माती बघितली, कसणारा माणूस बघितला नाही. शिवाय निव्वळ उत्पन्न काढायचं कुणी? हाताखालच्या कारकुनांनी. कुणाची जमीन कुठल्या प्रतीत टाकायची हे ज्याच्या हातात, त्याचा हात ओला झाल्याशिवाय कसा राहील! त्यात भाव पडले, पाऊस हुकला. वसुली होईना. जमिनी ओस पडल्या, माणसं घरदार सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात गेली. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याची नोंद कंपनीच्याच कागदांत आहे.

मग १८३५-३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं पाहणी केली, सारा उतरवला आणि ३० वर्षं बांधून दिला. निव्वळ उत्पन्नाचं गणित गुंडाळून ठेवलं आणि अंदाजानं, मागच्या वसुलीकडे बघून दर लावले. सिद्धांत हरला तेव्हा कुठं गावं पुन्हा भरली.

दुसरी गाठ व्याजाची. ॲडम स्मिथला व्याजावर कायद्याची मर्यादा मान्य होती. इंग्लिश विचारवंत बेंथमला नव्हती. १७८७ मध्ये त्यानं लिहिलं की शहाणा, सज्ञान माणूस डोळे उघडे ठेवून सौदा करत असेल तर सरकारनं मध्ये पडायचं कारण नाही. हे पटायला इंग्लंडला १८५४ उजाडलं आणि लगेच १८५५ मध्ये हिंदुस्थानातलेही व्याजमर्यादेचे कायदे रद्द झाले. १८५९ मध्ये आणखी एक कायदा : साध्या खताची (म्हणजे कर्जरोख्याची) मुदत ३ वर्षं, पुढं दावा नाही. हेतू ऋणकोच्या भल्याचा. घडलं काय, तर तिसरं वर्ष भरायच्या आत सावकार खत बदलून घ्यायचा, व्याज मुद्दलात घालून. दामदुपटीचा जुना दंडक (व्याज मुद्दलाच्या वर मागायचं नाही) मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना लागू होता, पण दर तीन वर्षांनी मुद्दलच नवं झालं तर दंडक कुणाला आडवा येणार?

अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज मोकळ्या हातानं मिळालं. १८६५ ला भाव कोसळला. १८६७ पासून बांधलेल्या साऱ्याची मुदत संपून तो वाढू लागला. आणि १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या घरांवर गेले. त्यांना हवी होती खतं. जिथं निमूट मिळाली तिथं बहुतेक ठिकाणी कागद जाळून माणसं परत फिरली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडचा उदारमतवाद वाचायचा तर सुप्याच्या त्या जळक्या कागदांपासून वाचावा. तुम्हाला काय वाटतं?

चिंचगूळ :

वाचनखूण साठवली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

खडूस आजोबा :

लेख जमलाय, पण लॉकला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. हे बरं नव्हे. आमच्या पिढीला उदारमतवाद म्हणजे इंग्लंडातलं १६८८-८९ : राजा पळाला, पार्लमेंटनं हक्कांचा कायदा केला आणि लॉकनं निनावी पुस्तक काढून सांगितलं की राज्य हा विश्वासानं सोपवलेला कारभार आहे, विश्वास मोडला तर लोकांनी तो काढून घ्यावा. करआकारणीला लोकांची संमती लागते हेही तिथलंच. तुमच्या प्रिंगलनं लॉक वाचला असता तर ५५ टक्के लावायच्या आधी संमती विचारली असती.

टोरांटोकर :

आजोबा, लॉक दोन्ही बाजूंनी चालतो. मालमत्तेवर तो म्हणतो की माणूस आपले कष्ट जमिनीत मिसळतो म्हणून जमीन त्याची. मग पुढं, जी जमीन कुणी कसत नाही ती पडीक, आणि उदाहरण देतो अमेरिकेचं. इथल्या मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या आणि फिरत्या शेतीच्या जमिनी याच युक्तिवादानं गेल्या. तो स्वतः कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा चिटणीस होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे गुंतलेले होते. सहिष्णुतेच्या त्याच्या पत्रात नास्तिकांना जागा नाही, कॅथलिकांनाही जवळपास नाहीच.

म्हणून लॉक फेकून द्यावा असं मी म्हणत नाही. संमतीची कल्पना पुढं त्याच वसाहतींनी राजावर उलटवली.

खडूस आजोबा :

मान्य. पण नास्तिकांवरून आज कुणी लॉकला ओळखत नाही.

मेघमल्हार :

तट्टूराव, माझी तक्रार स्मिथच्या बाजूनं आहे. त्याला तुम्ही व्याजाच्या एका वाक्यात संपवलंत. १७७६ चा त्याचा ग्रंथ म्हणजे मुख्यतः मक्तेदारीवरचा हल्ला, आणि त्यातली सगळ्यात मोठी मक्तेदारी कोण? ईस्ट इंडिया कंपनी! व्यापाऱ्याला राज्य दिलं तर तो राज्यही दुकानासारखं चालवतो, आणि ज्या मुलखातून उद्या निघून जायचंय त्याच्या भल्याशी त्याला काय देणंघेणं, असा त्याचा सूर. बंगालच्या दुष्काळात कंपनीच्या नोकरांनी घातलेल्या बंधनांनी टंचाईचा दुष्काळ झाला असंही तो लिहितो. एका धंद्यातली माणसं एकत्र जमली की गिऱ्हाइकाविरुद्ध कट शिजतो, हे त्याचं निरीक्षण तर आजही कुठल्याही अडत्यांच्या बैठकीला लावा.

अदृश्य हाताचं एवढं कौतुक होतं, त्या सबंध ग्रंथात तो हात एकदाच येतो. उलट सक्तीनं थोडंफार शिक्षण, रस्ते, पूल हे सरकारचं काम म्हणून तो पानंच्या पानं लिहितो. तेव्हा सुप्याचं खापर स्मिथवर फोडू नका.

भीमथडीचं तट्टू :

मेघमल्हार, सुप्याचं खापर स्मिथवर नाहीच. उलट व्याजाच्या बाबतीत तो बेंथमपेक्षा शहाणा ठरला असं मी मानतो. त्याला भीती होती की मर्यादा काढली तर पैसा उधळ्यांकडे आणि हवेत किल्ले बांधणाऱ्यांकडे जाईल. आपल्याकडं तो बैल मेलेल्या माणसाकडं गेला, एवढाच फरक.

पण एक सांगतो. स्मिथच्या आधी फ्रान्समध्ये अर्थमंत्री तुर्गोनं १७७४ ला धान्याचा व्यापार मोकळा केला. पीक नेमकं वाईट आलं, पुढच्या वसंतात पॅरिसच्या आसपास पावासाठी दंगे उसळले आणि १७७६ मध्ये तुर्गोची गच्छंती झाली. धान्य मोकळं सोडणं बरोबर की चूक यापेक्षा ते कुठल्या वर्षी सोडता आणि तोवर गरिबाच्या हातात पैसा आहे का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. नंतरचे तो विसरायचा असं ठरवल्यासारखं वागले.

रात्रपाळी :

विसरायचं ठरवणाऱ्यांत पहिला नंबर चार्ल्स ट्रेव्हेलियनचा लावा. हाही हेलीबरीचा, माल्थसच्या वर्गातला! आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाटा कुजला तेव्हा लंडनच्या खजिन्याच्या किल्ल्या याच्या हातात. बाजार आपोआप धान्य पोचवेल, सरकारनं फुकट वाटलं तर लोक आळशी होतील, हा खाक्या. सुमारे १० लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. आणि तट्टूंनी सांगितलेले १८१५ पासूनचे धान्यकायदे १८४६ ला रद्द झाले ते याच काळात, पील पंतप्रधान असताना. पीलनं निदान अमेरिकन मका गुपचूप विकत घेऊन पाठवला होता. त्याच्यामागून आलेल्या उदारमतवादी म्हणवणाऱ्यांनी तेही आवरतं घेतलं.

अवांतर : हाच ट्रेव्हेलियन पुढं मद्रासचा गव्हर्नर झाला. तिकडं कलकत्त्याला जेम्स विल्सन खजिना सांभाळायला आलेला, म्हणजे १८४३ ला 'इकॉनॉमिस्ट' काढणारा, मुक्त व्यापाराचा खंदा पुरस्कर्ता. त्यानं १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. ट्रेव्हेलियननं जाहीर विरोध केला म्हणून त्याला परत बोलावलं. त्याच ऑगस्टमध्ये विल्सन कलकत्त्यात हगवणीनं वारला. दर जुलैत रिटर्न भरताना ज्याला शिव्या द्यायच्या तो माणूस 'इकॉनॉमिस्ट'चा संस्थापक आहे.

चिंचगूळ :

हे भारी आहे. आमच्या सीएला पाठवतो.

सार्वजनिक नळ :

रात्रपाळींनी आयर्लंड काढलं, मग आपल्याकडचा १८७६-७८ चा दुष्काळ का नको? व्हाइसरॉय लिटनच्या सरकारनं धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही असं ठरवलं होतं. रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती आणि उधळपट्टी केली म्हणून बोलणी खाल्ली होती. तोच टेंपल १८७७ ला इकडं आला तो धडा घेऊन. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य! पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे सार्वजनिक काका आणि रानड्यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती जमवून अर्जांवर अर्ज केले, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला.

मला यात गंमत ही वाटते की सभेचे अर्जही उदारमतवादी भाषेतच होते. सरकार रयतेला जबाबदार आहे, कर घेता तर हिशेब द्या. एकाच घराण्यातली दोन भावंडं एकमेकांसमोर उभी.

इंदापुरी :

धागा उशिरा बघितला. आमच्याकडं जुन्या पाहणीचे उतारे घरोघर निघतात म्हणून थोडं लिहितो. विंगेट-गोल्डस्मिडनी जमीन लावायची रीत सोपी ठेवली. मातीचा रंग-पोत आणि खोली बघायची. खोल काळी असेल तर १६ आणे. मग खोटी काढायच्या : चुनखडी आहे का, वाळू मिसळलीय का, उतार आहे का, पाणी साचतं का. एका खोटीला जमीन एक प्रत खाली. शेतात दोन-चार जागी उकरून बघितलं की शेतकऱ्यालाही कळायचं आपली किती आण्याची लागली आणि का लागली. प्रिंगलचं गणित साहेबाच्या वहीत राहायचं, हे बांधावर उभं राहून भांडता यायचं.

तट्टूंनी म्हटलंय सिद्धांत हरला. माझ्या मते अर्धाच हरला. सरकार जमिनीचं धनी हे तसंच राहिलं. आणि जमीन विकता-गहाण टाकता येईल अशी मोकळी केली, ती पण याच काळात. सावकाराला जमिनीत रस वाटू लागला तो त्यामुळं. आधी तो पिकावर डोळा ठेवून असायचा.

भीमथडीचं तट्टू :

इंदापुरी, दंडवत. शेवटचा परिच्छेद मुख्य लेखात असायला हवा होता इतका नेमका आहे.

पाटीपेन्सिल :

फुले कुठायत? उदारमतवाद म्हटलं की पुण्याच्या ठरावीक पेठांतच फिरायचं का? जोतीरावांनी तरुणपणी टॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्या पुस्तकात काय आहे ते कुणी सांगत नाही. १७९२ च्या दुसऱ्या भागात पेन नुसता राजेशाहीवर तुटून पडत नाही. म्हाताऱ्यांना पेन्शन, गरिबांच्या पोरांच्या शिक्षणाला पैसे, आणि त्यासाठी मोठ्या इस्टेटींवर चढता कर, असा रुपये-आणे-पैचा हिशेब मांडतो. माझ्या मते तुमच्या रिकार्डो-बेंथमपेक्षा हा उदारमतवाद जास्त पोटाला धरून आहे.

आणि तट्टूंच्या शेतसाऱ्याला जोडूनच सांगते. १८८२ मध्ये शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढं फुल्यांनी जे निवेदन दिलं त्याचा कणा हाच आहे : सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून, तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. लॉकची संमती आणि पेनचा हिशेब एकाच अर्जात. पुढच्याच वर्षीच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सावकार, कोर्ट, कुलकर्णी, गोरा अंमलदार या सगळ्यांची साखळी त्यांनी दाखवलीय. सुप्याच्या दंग्याचं वर्ष ज्यांना पाठ आहे त्यांनी ते पुन्हा वाचावं.

खडूस आजोबा :

पेठांचा उल्लेख टाळता आला असता. बाकी मुद्दा चोख आहे. गोखल्यांनी १९११ ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं, ते फुल्यांच्या मागणीनंतर २९ वर्षांनी. आणि तेही सरकारनं पाडलं.

मेघमल्हार :

धागा भरकटून भांडणाचं काश्मीर व्हायच्या आत रानड्यांकडं येऊ या, कारण तट्टूंचा धागा तिथंच घट्ट बसतो असं मला वाटतं. सुप्यानंतर १८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात न्यायाधीशाला अधिकार मिळाला की खताच्या कागदावर जायचं नाही, मूळ रक्कम किती होती, व्याज किती लागलं, सगळा इतिहास उकलायचा. म्हणजे बेंथमचा डोळे उघडे ठेवून केलेला सौदा कोर्टानं पुन्हा उघडून बघायचा. या कायद्याखाली जे खास न्यायाधीश नेमले त्यांत रानडे होते. जिल्ह्याजिल्ह्यात फिरून खालच्या कोर्टांचे असले निकाल तपासणं हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं.

आणि त्याच काळात, १८९२ मध्ये, डेक्कन कॉलेजात ते भाषण करतात की इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम गुरुत्वाकर्षणासारखे सगळीकडं लागू नाहीत. ते गृहीत धरतात की माणूस एकटा, मोकळा, आपला फायदा जाणून करार करणारा आहे. आमचा माणूस कुटुंबात आणि जातीत बांधलेला, रूढीनं चालणारा. हे त्यांनी जर्मन लेखक लिस्टच्या पुस्तकावरून उचललं असं म्हणायची पद्धत आहे. लिस्ट त्यांनी वाचला होताच. पण ज्या माणसानं इतकी खतं उलगडून बघितली त्याला करारस्वातंत्र्याची मर्यादा कळायला जर्मनीला जायची गरज नसावी.

तरीही ते उदारमतवादीच राहिले. माणूस जातीच्या आणि रूढीच्या बांधणीतून सुटून करार करण्याजोगा मोकळा व्हावा, हेच तर त्यांच्या सामाजिक सुधारणेचं ध्येय होतं. सावकारी कर्जासाठी संरक्षण, उद्योगासाठी सरकारचा हात. रेल्वे कंपन्यांच्या लंडनमधल्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी रयतेच्या पैशातून चालते, मग देशी कारखान्यानं काय घोडं मारलंय, असा सरळ सवाल.

सार्वजनिक नळ :

मुक्त व्यापाराचा सगळ्यात मोठा विनोद राहिलाच. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या दबावानं १८८२ ला विलायती कापडावरची आयातजकात उठली. पुढं खजिन्याला खड्डा पडला म्हणून जकात परत आणावी लागली, तर १८९६ ला आयातीवर साडेतीन टक्के आणि समतोल हवा म्हणून मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के! आपल्याच देशात विणलेल्या कापडावर दंड, आणि त्याला नाव मुक्त व्यापार. गोखल्यांनी १९०२ च्या पहिल्या बजेट-भाषणात सरकारच्या शिलकीवर जो घाला घातला त्याच्या मागं हे सगळं साचलेलं होतं. देश दुष्काळानं खंगलेला असताना तिजोरीत शिल्लक दिसते ती भरभराटीची खूण नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त घेतल्याची आहे. आकडे सरकारचेच, तर्क सरकारच्याच पुस्तकातला.

टोरांटोकर :

जॉन स्टुअर्ट मिलवर कुणी बोललंच नाही. ३५ वर्षं कंपनीचा नोकर, १८५८ ला कंपनी गुंडाळली तेव्हा घरी बसला, १८५९ ला स्वातंत्र्यावरचं ते प्रसिद्ध पुस्तक काढलं. त्यात सुरुवातीलाच सांगून टाकतो की हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही, तिथं सुधारणेच्या हेतूनं हुकूमशाही चालेल. आगरकरांनी त्याच पुस्तकाच्या जोरावर बालविवाह आणि केशवपनावर आसूड ओढले. मिलनं जे दार आपल्यासाठी बंद ठेवलं होतं त्यातून हे सरळ आत शिरले आणि परवानगीही मागितली नाही. आवडतं मला हे.

रात्रपाळी :

+१. आणि विसाव्या शतकात इंग्लंडातच घराणं दुभंगलं. हॉबहाउससारखे विचारवंत म्हणू लागले की उपाशी माणसाला करारस्वातंत्र्य देऊन काय उपयोग. लिबरल सरकारनंच १९०८ ला वृद्धांना पेन्शन दिलं, १९०९ च्या बजेटात अर्थमंत्री लॉइड जॉर्जनं जमिनीच्या आयत्या वाढलेल्या किमतीवर कर मांडला. म्हणजे रिकार्डो शेवटी घरी पोचला. बेव्हरिज लिबरल, केन्स लिबरल. त्यांच्या विरुद्ध टोकाला हायेक, तोही स्वतःला खरा लिबरलच म्हणवणारा. आज भांडणारे दोघेही एकाच आजोबांचं नाव सांगतात.

पाटीपेन्सिल :

रात्रपाळी, त्या भांडणात बाबासाहेबांना घ्या. लंडनमध्ये त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन, म्हणजे ज्यांनी स्मिथच्या ग्रंथाची प्रमाण मानली जाणारी आवृत्ती संपादित केली ते. १९२३ च्या रुपयावरच्या प्रबंधाला प्रस्तावना त्यांचीच. चलनाच्या बाबतीत बाबासाहेबांनी सरकारच्या हातात मोकळीक ठेवायला विरोध केला, हे अगदी जुन्या वळणाचं. आणि १९४७ च्या घटनेसाठीच्या निवेदनात तेच विचारतात की सरकारनं हात काढून घेतला तर ते स्वातंत्र्य कुणाचं? जमीनमालकाला खंड वाढवायचं, भांडवलवाल्याला मजुरी उतरवायचं. म्हणून शेती आणि मोठे उद्योग सरकारी मालकीचे करा आणि तेही घटनेतच लिहा, सरकार बदललं तरी पुसता येणार नाही असं. सत्तेवर अविश्वास लॉकचा, उपाय समाजवादी. कुठल्या खणात ठेवणार?

इंदापुरी :

शेवटी गाडी शेतकऱ्याकडंच वळवतो, कारण आमच्या भागातले शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते अजून कॉब्डेनचं, म्हणजे धान्यकायद्यांविरुद्ध लढलेल्या मँचेस्टरच्या लीगच्या पुढाऱ्याचं, नाव काढतात. शरद जोशींनी 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत १९८० ला नाशकात ऊस-कांद्यासाठी रस्ते अडवले. १९९४ ला पक्ष काढला तो स्वतंत्र भारत पक्ष, राजाजी-मसानींच्या स्वतंत्र पक्षाची आठवण ठेवून. बाजार मोकळा करा, निर्यातबंदी उठवा. मग ते १८४६ च्या मँचेस्टरवाल्यांचे वारस म्हणायचे का?

मेघमल्हार :

तत्त्वानं हो, पोटानं उलटे. कॉब्डेनच्या मागं गिरणीमालक होते. सरहद्द उघडली की पाव स्वस्त. विरोधक म्हणायचे की यांना मजुरी उतरवायचीय. नाशकात सरहद्द उघडली की कांदा महाग होतो. तिथं कायदा जमीनदाराचा भाव चढवायचा, इथं निर्यातबंदी शेतकऱ्याचा भाव पाडते. एकाच मागणीनं लंडनमध्ये खाणारा खूश झाला असता आणि लासलगावात पिकवणारा.

भीमथडीचं तट्टू :

अगदी. आणि म्हणूनच १८४६ जमलं, आपल्याकडचं रखडलं. मँचेस्टरच्या लीगकडं गिरण्यांचा पैसा होता, १८४० पासून पेनी पोस्ट होतं, पत्रकं घरोघर जायची. सभा भरवायला त्यांनी हॉल बांधला तो सेंट पीटर्सफील्डवर, जिथं १८१९ मध्ये मताधिकार मागणाऱ्या गर्दीवर घोडेस्वार सोडले होते. ती जमीन कॉब्डेनच्या मालकीची होती. स्वस्त पाव हवा असलेली शहरं त्यांच्या बाजूला होती. कांद्याच्या बाबतीत शहरं समोरच्या बाजूला असतात, आणि शहरी मध्यमवर्गातला जो स्वतःला उदारमतवादी म्हणवतो तोही कांदा ८० रुपये किलो झाला की निर्यातबंदी कधी लावणार असं विचारतो.

खडूस आजोबा :

मी विचारलं होतं. गेल्या खेपेला. याच संस्थळावर, शोधलंत तर सापडेल.